हललेलं माप

“आता हलू नका,” असं म्हणत तिनं त्याच्या डाव्या हाताची बोटं एकेक करून माप घ्यायच्या निळ्या पुटीत दाबली आणि आपला हात काढून घेतला.

गिअरच्या दांड्यावर पुटीचा हा एवढा गोळा, त्यावर त्याची मूठ, आणि शेजारच्या सीटवर गुडघे टेकून ती, अर्धी गाडीत, अर्धी बाहेर. स्पोर्ट्‌स कार म्हणजे दोनच माणसांची गाडी, आणि तीही माणसं सडपातळ असतील या भरवशावर बांधलेली. तिची पाठ दाराच्या चौकटीला घासत होती. तो मात्र ऐटीत बसला होता. डावा पाय क्लचवर, उजवा हात स्टिअरिंगवर, नजर समोर. समोर गॅरेजची भिंत होती आणि भिंतीवर पाण्याची जुनी नळी गुंडाळून टांगलेली होती. तरी घाटातलं वळण जवळ येत असल्यासारखा तो डोळे बारीक करून बघत होता.

“किती वेळ?”

“कडक होईपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“पेशंट जितका कमी बोलेल तितकं लवकर.”

तो हसला नाही. एरवी हसला असता, वर एखादं उत्तरही ठेवून दिलं असतं. तिनं पुटीवर नख रुतवून बघितलं. रुतेना, तेव्हा म्हणाली, “सोडा.”

त्यानं हात काढला आणि लगेच पँटच्या खिशात घातला. तिनं गोळा फिरवून दांड्यावरून उतरवला, दाराशी उजेडात नेला, आणि तिच्या कपाळाला आठी पडली. बोटांच्या खाचा आल्या होत्या, पण प्रत्येक खाचेची कड दुहेरी होती. अंगठा तर एकदा इथं आणि एकदा तिथं असा दोनदा ठेवल्यासारखा दिसत होता. कातडीच्या बारीक रेषा उमटायला हव्यात तिथं सगळं सारवल्यासारखं झालं होतं.

“काय झालं?”

“पुटीच जुनी निघाली. डबा कधीचा उघडा पडलाय. उद्या नवा फोडते.”

“पुटीला नावं ठेवतेस होय?”

“मग कुणाला ठेवू?”

तो गाडीतून उतरला आणि दार लावताना उजव्याच हातानं लावलं.

ती कवळ्या करते हे कळलं की लोक आधी तिच्या दातांकडे बघतात. शहरातले दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन तिच्याकडे पाठवतात, आणि घराच्या पुढच्या खोलीत बसून ती त्या मापावरून दात करते. तोंड तिला दिसत नाही, माणूस दिसत नाही, पण मापावरून माणूस बराच कळतो. कोण झोपेत दात खातं, कोण एकाच बाजूनं चावतं, कोण खुर्चीत बसल्याबसल्या घाबरून आक्रसतं. आणि माप घेताना कोण हललं हे तर बघताक्षणी कळतं. मग ती फोन लावते. “डॉक्टर, पेशंट हललाय. माप परत घ्या.” डॉक्टर कुरकुरतात. थोडं खरवडून जमवून घ्या ना, म्हणतात. या बाबतीत ती कुणाच्या बापाचं ऐकत नाही. हललेल्या मापावर जमवून केलेली कवळी टेबलावर देखणी दिसते आणि तोंडात गेली की हिरड्या सोलून काढते.

चांगलं माप आलं तरी ती कधी वाहवा करत नाही. “चालेल,” एवढंच म्हणते. तिच्या तोंडून “चालेल” ऐकलं की एकदोन डॉक्टर त्या दिवशी खुशीत घरी जातात, असं तिच्या कानावर आलं होतं.

गाडी त्यानं घेतली ती लेक शिकायला बाहेर गेली त्या वर्षी. कुणीतरी हौसेनं घेतलेली, हौस फिटल्यावर विकायला काढलेली. काळपट हिरवा रंग, जमिनीला पोट टेकेल इतकी बुटकी. चष्म्याच्या दुकानात दिवसभर लोकांच्या नाकांवर फ्रेमा बसवणारा हा शांत माणूस त्या गाडीत शिरला की वेगळाच व्हायचा. गिअर टाकताना नुसतं मनगट वळवायचा आणि स्वतःशीच मान डोलवायचा. ती गाडीला सवत म्हणायची. “सवतीची आंघोळ झाली असेल तर जेवायला या.” तो म्हणायचा, “झाली. ती तुझ्यासारखी उलटून बोलत नाही, त्यामुळे लवकर उरकतं.”

गेले काही महिने मात्र सवतीशी त्याचं बिनसलं होतं. सगळ्या गाडीशी नव्हे, गिअरच्या दांड्याशी. आधी त्यानं दांडा आखूड करून घेतला, गिअर चटकन पडावा म्हणून. मग तो फार कडक वाटला म्हणून पुन्हा लांब केला. खालची स्प्रिंग बदलली. मुठी तर किती झाल्या, लाकडाची, अॅल्युमिनियमची, चामड्यानं शिवलेली; उतरवलेल्या सगळ्या मुठी गॅरेजच्या फळीवर ओळीनं बसल्या होत्या. प्रत्येक मुठीबद्दल तक्रार एकच.

“दांडा थरथरतो.”

त्याचा मेकॅनिक कधीकाळी एका कारखान्यात फोरमन होता, आता स्वतःचं गॅरेज होतं, तरी सगळे त्याला फोरमनच म्हणत. त्यानं इंजिनाखालची रबरं बदलली, दांड्याच्या बुडाशी नवे बूश घातले, सगळे नट आवळले. “आता?” तो विचारायचा. “अजून थरथरतो,” हा म्हणायचा. घोडं कुठं पेंड खातंय ते फोरमनला कळेना.

आणि मग एका सकाळी चहा घेता घेता तो तिला म्हणाला, “जगाला कवळ्या बसवतेस, माझ्या हाताला एक मूठ बसवून दे. माझ्या हाताच्या मापाची, बरोब्बर. मग बघू कशी थरथरते ते.”

तिला बरं वाटलं होतं. खोटं कशाला बोला, गुदगुल्याच झाल्या होत्या. इतक्या वर्षांत सवतीच्या घरून पहिल्यांदाच बोलावणं आलं होतं.

दुसऱ्या दिवशी तिनं नवा डबा फोडला. पांढरा गोळा आणि निळा गोळा एकत्र मळला, एकही पट्टा राहिला नाही ना ते उजेडात बघितलं, आणि पुन्हा गुडघे टेकून बसली. त्याची बोटं दाबली. “हलू नका हं.”

“हलत नाहीये.”

या वेळी तिची नजर पुटीवर नव्हती. का कुणास ठाऊक, ती त्याच्या मनगटाकडे बघत राहिली. सदऱ्याची बाही कोपरापर्यंत वर केलेली होती. मनगटाच्या आतल्या बाजूला दोन शिरा होत्या आणि त्या शिरांखाली काहीतरी चाललं होतं. अंगठा तर्जनीवर सरकत होता, मागं येत होता, पुन्हा सरकत होता. आपण नसतो का पैसा खरा की खोटा ते बोटांत चोळून बघत, तसं. एवढंसंच. गाडी बंद होती. किल्लीसुद्धा तिच्या एप्रनच्या खिशात होती.

ती बघत असल्याचं त्याला कळलं की नाही कोण जाणे. तो भिंतीवरच्या नळीकडे बघत होता. त्याच्या जबड्याची नस मात्र ताठ झाली होती, जड काहीतरी उचलताना होते तशी.

तिनं वेळेच्या आधीच गोळा उतरवला. उजेडात न्यायची गरजच नव्हती, तरी नेला.

“कसं आलंय?”

“छान,” ती म्हणाली. “छान आलंय.”

वर आल्यावर तिचं कशातच लक्ष लागेना. एका कवळीचे दात मांडायला घेतले आणि डावीकडचा सुळा उजवीकडे बसवला. मेण वितळवायची चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेली आणि तिथं कशाला आलो तेच विसरली. डोक्यात एकेक गोष्ट येऊन बसत होती, गर्दीतून वाट काढत ओळखीची माणसं पुढं यावीत तशी.

तिच्या चष्म्याची काडी. किती दिवस झाले, ती ढिली होऊन लोंबत होती. एक स्क्रू आवळायचा, चष्मेवाल्याला चुटकीसरशीचं काम. डाव्या हातात फ्रेम धरायची आणि उजव्यानं फिरवायचं. “उद्या करतो,” तो म्हणायचा. चष्मेवाल्याची बायको, आणि शेवटी तिनं ती काडी दातांच्या तारेनं बांधून टाकली होती. त्यावरून तिनं त्याला दुकानातल्या माणसांसमोर चिडवलंही होतं. तेव्हा तो नुसता हसला होता. वर्तमानपत्र तो हल्ली टेबलावर पसरून वाचायचा. चालताना डावा हात कायम खिशात. ती म्हणालीही होती, “एवढी ऐट कशाची आलीय?”

सगळं समोर होतं. ती परक्यांची मापं डोळ्यांत तेल घालून तपासत बसली आणि घरातलं माप तिनं बघितलंच नाही. तिला स्वतःचा राग आला आणि मग त्याचा आला, आणि मग नुसतीच भीती वाटू लागली.

संध्याकाळी लेकीचा फोन आला. नोकरीला लागून स्वतःच्या पायावर उभी राहिली तरी घरात ती चिमीच होती. सुटीला आली की रविवारी सकाळी बापलेक गाडी घेऊन घाटानं वरच्या धरणापर्यंत जायचे आणि यायचे. तिसरं माणूस गाडीत मावायचं नाही, म्हणून आई घरी. आईला त्याचं कधी वाईट वाटलं नव्हतं.

“आई, शनिवारी संध्याकाळपर्यंत पोचते. बाबा म्हणाले, या वेळी मागच्या रस्त्यानं जाऊ. वळणं जास्त आहेत म्हणे. आणि तू त्यांना मूठ करून देतेयस?”

“बघू गं. हवा कशी आहे ते बघून ठरवा.”

“हवेला काय झालंय?”

हवेला काहीच झालं नव्हतं. मागच्या रस्त्याला एका बाजूला डोंगर होता आणि दुसऱ्या बाजूला कठडासुद्धा धड नव्हता. दर वळणाला दुसरा गिअर, मग तिसरा, मग पुन्हा दुसरा. आणि तिचं एकुलतं एक लेकरू त्याच्या शेजारच्या सीटवर, बापाच्या मनगटाकडे कौतुकानं बघत.

जेवताना तिनं दोनदा तोंड उघडलं.

“अहो.”

“काय?”

“मीठ बरोबर आहे ना?”

“आहे की.”

सांगायचं म्हणजे काय सांगायचं? तुमचा हात गेला, गाडी सोडा? तो नाही म्हणाला असता तर भांडता आलं असतं. पण तो हो म्हणाला असता तर? दुकानातून आल्यावर त्याच्याकडे दुसरं होतं तरी काय? तिनं ताटाकडे बघितलं. त्याचा डावा हात मांडीवर होता, टेबलाच्या खाली.

दुसऱ्या दिवशी ती फोरमनकडे गेली. मुठीच्या आत आटे पाडलेला पितळेचा गाभा लागणार होता, म्हणजे ती दांड्यावर फिरवून बसवता आली असती. फोरमननं तिला बघितल्याबरोबर हातातला पाना खाली ठेवला.

“या वहिनी. बाकीच्या बायका नवऱ्याला मुठीत ठेवतात, तुम्ही तर आख्खी मूठच करून देताय म्हणे.”

“गाभा तयार आहे का?”

“आहे. थोडा जडच केलाय. जड मूठ हातात चांगली बसते.”

त्यानं पितळेचा तुकडा तिच्या तळहातावर ठेवला. तिचा हात खाली गेला, एवढं वजन होतं त्याला.

“एवढी जड केली की थरथरायची थांबेल?”

फोरमन फडक्याला हात पुसू लागला. हात पुसून झाले तरी पुसत राहिला.

“वहिनी, एक बोलू का? दांडा थरथरत नाही. परवा मी घाटात नेऊन आणली. नुसतं बोट ठेवून बघितलं. माझ्या हातात काहीच नाही लागलं.”

“त्यांना सांगितलंत?”

“मी गाडीवाल्याला गाडीचं सांगतो.” तो खाली बघून म्हणाला. “पितळ घातलं तर मूठ थांबेल. मूठच.”

ती तो तुकडा मुठीत धरून घरी आली. आली तेव्हा बोटांना पितळेचा वास लागला होता.

दुपारी तिनं दुसऱ्यांदा घेतलेलं माप दिव्याखाली धरलं आणि हातात सुरी घेतली. आयुष्यात कधी केलं नव्हतं ते करायला बसली. दुहेरी कडांतली एक कड तासून काढली. अंगठ्याची जागा एकच राहिली. सारवलेला भाग गुळगुळीत केला, तर्जनीची खाच थोडी खोल केली. काम सुरेख होत होतं. तिचा हात पहिल्यापासून साफ. बघणाऱ्याला वाटलं असतं, काय स्थिर माणसाचं माप आहे. यात पितळ भरलं, वरून काळं अॅक्रिलिक चढवलं आणि घासूनपुसून चकाकवलं की दांडा थरथरायचा थांबला असता. तो खूश झाला असता. रविवारी सकाळी चिमीला घेऊन मागच्या रस्त्यानं गेला असता.

सुरी हातात तशीच राहिली.

“डॉक्टर,” ती रिकाम्या खोलीत म्हणाली, “पेशंट हललाय.”

आणि मग तिला रडू आलं. एप्रनला डोळे पुसून ती उठली, तासलेलं माप कचऱ्याच्या डब्यात टाकलं. नवी पुटी काढली, मळली आणि जिना उतरून गॅरेजमध्ये गेली. तो दुकानात होता.

ड्रायव्हरच्या सीटवर ती कधीच बसली नव्हती. सीट त्याच्या उंचीनं मागं सारलेलं होतं. तिचे पाय पेडलपर्यंत पोचेनात. सीटच्या कडेला येऊन बसली, कशीबशी क्लचवर चप्पल टेकवली. गाडीत त्याचा वास होता, आणि चष्मे पुसायच्या त्या पाण्याचा. तिनं दांड्यावर पुटी बसवली, त्यावर आपला डावा हात ठेवला, बोटं एकेक करून दाबली आणि कडक होईपर्यंत हलली नाही.

शनिवारी सकाळी तो गॅरेजमध्ये गाडी पुसत होता तेव्हा तिनं मूठ आणून त्याच्या हातात दिली. काळीभोर, गुळगुळीत, खाली पितळेची कड चमकणारी. तिच्या हातून आजवर इतकी देखणी वस्तू झाली नव्हती. तिचा जीव मात्र टांगणीला लागला होता.

तो गाडीत बसला. उजव्या हातानं मूठ दांड्यावर फिरवून घट्ट केली. मग डावा हात खिशातून काढला आणि मुठीवर ठेवला.

बोटं खाचा शोधू लागली. तर्जनी एका खाचेत गेली, पण पुढची खाच जवळच होती, त्यामुळे मधलं बोट उंचवट्यावर चढलं. करंगळीला जागाच उरली नाही, ती बाहेर राहिली. त्यानं हात उचलला, पुन्हा ठेवला. मग दाबायचा थांबला. रस्ता ओलांडताना तिचा हात धरायचा तसं त्यानं त्या मुठीला नुसतं वरून धरलं. भिंतीवरच्या नळीकडे बघत तो तसाच बसून राहिला.

“लहान झाली,” तो म्हणाला.

“चालेल,” ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटी वाजवत गेलं. त्यानं मान वळवून तिच्याकडे बघितलं.

“परवा तू छान आलंय म्हणालीस.”

“म्हणाले असेन.”

“पहिल्यांदा पुटीला नावं ठेवलीस तेव्हा वाटलं, सुटलो. सुटल्याचं जरा वाईटही वाटलं. दुसऱ्यांदा छान म्हणालीस आणि कळलं, तू बघितलंयस. इतक्या वर्षांत कधी कुणाच्या मापाला छान म्हटलंयस?”

तिला एकदम हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. ती दाराला धरून उभी राहिली.

“कधीपासून?”

“स्प्रिंग बदलली त्याच्या आधीपासून.”

“आणि मला सांगायचं नाही?”

“माप दिलं की,” तो म्हणाला.

तो मुठीवरून बोट फिरवत होता, पितळेच्या कडेपर्यंत जाऊन परत येत होता.

“तुझ्या त्या डॉक्टरांत दातांखेरीज दुसरं काही बघणारा आहे का कुणी?”

“शोधू.”

“फोरमनला कळलंय का?”

“तो गाडीचं बोलतो फक्त.”

तो मान हलवून उतरला. उतरल्यावर लगेच बाजूला झाला नाही. सीटखाली हात घालून दांडी ओढली आणि सीट पुढं सारलं, आणखी पुढं, तिचे पाय पोचतील इतकं. मग गाडीला वळसा घालून गेला, पलीकडचं दार उघडलं आणि त्या बुटक्या सीटवर गुडघे दुमडून बसला. त्या बाजूनं तो पहिल्यांदाच बसत होता. डोकं छताला लागलं.

“इथं फारच अवघड आहे गं.”

“मला काय सांगता? गुडघे टेकून बघा एकदा.”

ती बसली. पाय पोचले. मुठीवर हात ठेवला आणि बोटं आपसूक आपापल्या घरात गेली.

“चिमीला कोण सांगणार?” तिनं विचारलं.

“तू गाडी चालवताना तिला दिसलीस की मला सांगायला काही उरणारच नाही. आधी बाहेर तर काढ. क्लच पूर्ण दाब. रिव्हर्सला मुठीखालची कडी वर उचलायची आणि मग डावीकडे, पुढं.”

तिनं किल्ली फिरवली. गाडी गुरगुरली. तो सवयीनं डावा हात खिशात घालू लागला, पण इतक्या खोल सीटवर बसल्या बसल्या खिशात हात जाईना. तो धडपडत राहिला.

“राहू द्या ना बाहेर,” ती आरशात बघत म्हणाली. “हलला तर हलू दे.”

त्यानं हात गुडघ्यावर ठेवला. तो हलत होता. दोघांनीही तो एकदा बघितला, आणि मग तिनं कडी वर उचलली, मूठ डावीकडे ढकलली आणि क्लच सोडला. गाडी एक आचका देऊन बंद पडली.

“हळू,” तो म्हणाला. “परत घे.”